कुकर आधी की कणीक आधी?

रोजची कामं माणूस ज्या पद्धतीने उरकतो त्यावरून त्याच्या स्वभावाबद्दल काय कळतं, आणि त्यावरून घरात होणारी कुरबुर कमी कशी करायची, यावर गेल्या महिन्यात प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी सात इथे घेतली आहेत. पत्रं थोडी कापली आहेत. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही दोघंही नोकरीला. साडेसातच्या सुमाराची लोकल, डबे तीन. मी एक काम हातावेगळं करून दुसरं घेते. ह्यांचं उलट. भाजी अर्धी चिरली की कणकेला हात, मध्येच चहा, मध्येच मुलीची बॅग. आठवड्यातून एकदा तरी भाजी अळणी नाहीतर खारट. वर म्हणतात, "मी सगळं एकदम करतो म्हणून वेळेत होतं." खरं कोणाचं? (नेरूळ)

उत्तर : सकाळच्या पहिल्या वीस-पंचवीस मिनिटांत त्यांचं खरं, नंतर तुमचं.

एका वेळी एक काम आणि एका वेळी अनेक कामं, असा फरक मानववंशशास्त्रज्ञ एडवर्ड हॉल यांनी मांडला. त्यांचा रोख समाजांच्या वेळ वापरण्याच्या पद्धतींवर होता. पुढे तो माणसांनाही लावला गेला. पण स्वयंपाकघरात माणसाइतकंच काम कोणतं आहे हेही बघावं लागतं. कुकर, कणीक मुरणं, कडधान्य भिजणं ही आपली आपण चालणारी कामं. ती एकमेकांवर चढवली तर फायदाच. चिरणं, लाटणं, फोडणी यांना हात आणि डोळे दोन्ही लागतात. ती एकमेकांत घुसवली की प्रत्येक वेळी परत येताना "मी कुठे होतो?" हे मनाला नव्याने जुळवावं लागतं. रुबिनस्टाइन, मायर आणि इव्हान्स यांनी २००१ मध्ये प्रयोगांत हेच मोजलं: काम बदलताना वेळ जातो आणि कामाचे नियम जितके गुंतागुंतीचे तितका जास्त जातो.

ओट्यावर हा तोटा मिनिटांपेक्षा मिठात दिसतो. अर्धा चिरलेला कांदा विळीपाशी दिसतो, त्यामुळे त्याची आठवण ठेवावी लागत नाही. कढईत विरघळलेलं मीठ दिसत नाही. म्हणून मध्येच उठणाऱ्याच्या हातून नेमकं मीठच राहतं किंवा दोनदा पडतं. उपाय साधा आहे. भाजी चिरायला घेतानाच मीठ छोट्या वाटीत मोजून काढायचं, अर्धा किलो भाजीला सपाट एक चहाचा चमचा. वाटी रिकामी दिसली म्हणजे मीठ पडलं. बरणीतून थेट घालणं बंद.

आता वेळापत्रक. बारा पोळ्यांना तीन वाट्या कणीक आणि साधारण दीड वाटी पाणी, पिठाप्रमाणे थोडं कमी-जास्त. सहाला कणीक भिजवून झाकायची, सहा-दहाला कुकर, तो होईपर्यंत चहा-दूध आणि बॅग. ही सगळी पाळी मिस्टरांची, कारण इथे त्यांची रीत कामाला येते. तोवर तुम्ही एका जागी उभं राहून भाजी चिरा. सव्वासहा-साडेसहाला फोडणी पडली की त्या शेगडीचा मालक एकच. दुसऱ्याने झाकण काढून ढवळायचंही नाही. पोळ्या एकट्याने केल्या तर बारांना पंचवीस मिनिटं जातात. एकाने लाटून दुसऱ्याने भाजल्या तर पंधराच्या आत होतात. म्हणजे सातच्या आधी डबे भरून होतात.

आणखी एक गोष्ट पत्रात नाही, पण ओळींमधून दिसते. त्यांच्या लेखी काम डबा भरला की संपतं, तुमच्या लेखी ओटा पुसला की. ही शेवटची पाच मिनिटं कोणाची, हे ठरलेलं नसलं की ती रोज तुमच्या वाट्याला येतात आणि राग भाजीच्या मिठावर निघतो. भाजी खारट होणं थांबलं तरी हे भांडण थांबणार नाही. तेव्हा कढईत पाणी घालणं, ओटा पुसणं आणि सालं कचऱ्यात टाकणं ही तीन कामं नावानिशी वाटून घ्या.

प्रश्न : टेबलावर पसारा म्हणजे माणूस कल्पक, असं ऐकलं आहे. खरं का? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : पसारा असलेल्यांना ऐकायला बरं वाटतं. सॅम गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये लोकांच्या खोल्या आणि ऑफिसातल्या जागा अनोळखी माणसांना दाखवून मालकाचा स्वभाव ओळखायला लावला होता. नेटकेपणावरून शिस्तीचा अंदाज बऱ्यापैकी जमला. कल्पकतेचा, नव्याच्या ओढीचा अंदाज मात्र पसाऱ्यापेक्षा पुस्तकं आणि वस्तूंच्या वैविध्यावरून बांधलेला बरोबर निघाला. एकाच विषयाच्या फायलींचा ढीग असेल तर तो ढीगच.

प्रश्न : सासरे ७१ वर्षांचे आहेत. विजेचं बिल आलं की त्याच दिवशी भरतात. गावी जायचं तर चार दिवस आधी बॅगा दारात. गाडीच्या दीड तास आधी ठाणे स्टेशनवर. इथवर ठीक होतं, पण दोन-तीन महिन्यांपासून बाबा रात्री गॅसचा नॉब बघायला तीन-तीनदा उठतात. विचारलं की आम्हालाच "तू बघितलंस ना?" असं पुन्हा पुन्हा विचारतात. हा स्वभाव की आजार? (घोडबंदर रोड, ठाणे)

उत्तर : या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच माणसात दिसतात म्हणून एक वाटतात.

काम डोक्यावर नको म्हणून ते लवकर उरकून टाकणं ही पुष्कळांची प्रवृत्ती असते. डेव्हिड रोझेनबॉम यांच्या गटाने २०१४ मध्ये याचा एक गमतीदार प्रयोग छापला. विद्यार्थ्यांनी एका रस्त्याने चालत जायचं, वाटेतल्या दोन बादल्यांपैकी कोणतीही एक उचलायची आणि शेवटपर्यंत न्यायची. एक बादली सुरुवातीजवळ, दुसरी शेवटाजवळ. दूरची उचलली तर ओझं थोडंच वाहावं लागणार, तरी बहुतेकांनी जवळचीच उचलली. कारण विचारल्यावर सांगितलं की काम लवकर उरकावं असं वाटलं. बादली हातात आली की "बादली उचलायची आहे" हे लक्षात ठेवावं लागत नाही. त्या सुटकेसाठी माणूस हात दुखवून घेतो.

बाबांची बिलं आणि बॅगा याच प्रवृत्तीतल्या. बिल त्या दिवशी भरण्यात नुकसान काहीच नाही. महावितरणच्या बिलावर लवकर भरणाऱ्यांसाठी थोडी सवलतही छापलेली असते. घोडबंदर रोडची वाहतूक बघता स्टेशनवर लवकर जाण्यालाही आम्ही नावं ठेवणार नाही. त्रास होतो तो बॅगेचा, कारण चार दिवस आधी भरलेली बॅग औषधं, चष्मा आणि चार्जरसाठी रोज उघडावी लागते, आणि शेवटी यातलंच काहीतरी घरी राहतं. कपडे, टॉवेल, भेटवस्तू त्यांना हवं तेव्हा भरू द्या. रोज लागणाऱ्या वस्तूंची यादी कागदावर लिहून बॅगेच्या मुठीला बांधा. निघायच्या सकाळी त्या भरून एकेक खोडायची. यादी त्यांनाच करू द्या. काम हातात आल्याचं समाधान मिळतं.

गॅसचं वेगळं आहे. मार्सेल व्हॅन डेन हाउट आणि मेरेल किंड्ट यांनी २००३ मध्ये संगणकावरच्या गॅसच्या शेगडीवर लोकांना तीच तपासणी पुन्हा पुन्हा करायला लावली. तपासण्या वाढल्या तशी शेवटच्या तपासणीची आठवण पुसट होत गेली आणि स्वतःच्या आठवणीवरचा भरवसाही कमी झाला. म्हणजे खात्रीसाठी उठायचं आणि उठल्यामुळे खात्री आणखी कमी व्हायची. "हो बाबा, बघितला" असं पाचव्यांदा सांगणंही त्या चक्रालाच हातभार लावतं. एकदा शांतपणे सांगा. नंतर "हे आपलं बोलून झालंय" इतकंच म्हणा आणि विषय बदला. झोपण्यापूर्वीची तपासणी एकच, तीही त्यांनी स्वतः करायची. घाईत नजर टाकून भागवायचं नाही. दिवा लावून, रेग्युलेटरला हात लावून तो बंद करायचा. गॅस बंद करणं आणि स्वयंपाकघराचा दिवा मालवणं यांच्यामध्ये दुसरं कोणतंही काम घुसू द्यायचं नाही.

तरी डॉक्टरांना दाखवाच, असं आम्ही सांगू, आणि त्याचं कारण वय आणि "दोन-तीन महिन्यांपासून" हे शब्द. आयुष्यभर लवकर उरकणारा माणूस आणि सत्तरीनंतर अचानक शंका घेऊ लागलेला माणूस यांत फरक आहे. पैशाचा हिशेब चुकणं, तेच बोलणं पुन्हा करणं, ओळखीच्या रस्त्यावर गोंधळणं असंही काही दिसत असेल तर आधी स्मरणशक्तीची तपासणी. तसं नसेल, पण शंका आणि तपासण्यांत रोज तासाहून अधिक वेळ जात असेल, झोप मोडत असेल किंवा अडवल्यावर ते फार अस्वस्थ होत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ. मंत्रचळ म्हणून घरात ज्याची थट्टा होते त्या आजारावर औषधं आणि वर्तनोपचार दोन्हीही उपलब्ध आहेत. कुठे जावं हे सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत फोन करता येतो, मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : ऑफिसमध्ये सगळ्यांची चार अक्षरांवाली पर्सनॅलिटी टेस्ट घेतली. माझं शेवटचं अक्षर पी आलं. म्हणजे मी ऐन वेळी काम करणारा, नियोजन न जमणारा. मॅनेजर आता प्रत्येक उशिराला तेच कारण देतात, आणि खरं सांगायचं तर मीही. हे स्वभावातच असेल तर बदलेल का? (ऐरोली)

उत्तर : त्या चाचणीत तुम्हीच लिहून दिलं असणार की तुम्हाला आधी बेत आखायला आवडत नाही. चाचणीने तेच एका अक्षरात घालून परत दिलं. त्या अक्षराला आता तुमच्या उशिराचं कारण म्हणणं हा गोल फिरलेला युक्तिवाद झाला.

कार्ल युंग यांच्या १९२१ मधल्या मांडणीवरून कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स यांनी ही पद्धत उभी केली. अडचण अशी की ती प्रत्येक गुणाचे दोन कप्पे करते, आणि बहुतेक माणसं मधोमध असतात. रेषेच्या जराशी अलीकडची आणि जराशी पलीकडची व्यक्ती जवळपास सारखीच, तरी अक्षर वेगळं मिळतं. म्हणूनच काही आठवड्यांनी तीच चाचणी पुन्हा दिली तर बऱ्याच जणांचं एखादं अक्षर बदलतं. नोकरभरतीसाठी ती वापरू नये असं ती विकणारेच सांगतात. वर्णन अगदी आपलंच वाटतं म्हणून ते खरं, असंही नाही. बर्ट्रम फोरर यांनी १९४९ मध्ये छापलेल्या प्रयोगात सगळ्या विद्यार्थ्यांना एकच वर्णन "तुमचं खास" म्हणून वाटून दिलं होतं. बरीचशी वाक्यं बाजारातल्या ज्योतिषाच्या पुस्तकातली होती. विद्यार्थ्यांनी त्याला पाचपैकी सरासरी चाराहून जास्त गुण दिले.

संशोधक सहसा पाच गुण मोजतात, तेही कमी ते जास्त अशा पट्टीवर: नव्याची ओढ, शिस्तशीरपणा, बहिर्मुखता, मिळतंजुळतं घेणं आणि मनाची अस्थिरता. शिस्तशीरपणा विशीपासून पुढे सरासरीने वाढत जातो, त्यामुळे "बदलेल का?" याचं उत्तर "हो, हळूहळू" असं आहे. पण त्याची वाट बघू नका. वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्येच दाखवून दिलं होतं की एका प्रसंगातल्या वागण्यावरून दुसऱ्या प्रसंगातलं वागणं फारसं सांगता येत नाही. तुमची ट्रान्स-हार्बरची गाडी बहुधा चुकत नसेल. मग उशीर नेमका कशाला होतो? पुढचे दोन आठवडे उशीर झालेलं प्रत्येक काम लिहा, आणि शेजारी ते कोणत्या पायरीवर अडकलं तेही. अनेकदा दिसतं की कामं सुरू वेळेवर होतात आणि दुसऱ्याकडून एखादा आकडा यायचा म्हणून पडून राहतात. त्याला स्वभाव काय करणार? तो आकडा पहिल्याच दिवशी मागायचा. मॅनेजरांशीही तो कागद पुढे ठेवूनच बोला.

प्रश्न : फ्रिज घ्यायचाय. सौ. तीन आठवडे तुलना करतेय. माझं मत, दुकानात जाऊन पसंत पडेल तो घ्यावा. (वाशी)

उत्तर : "पुरेसं चांगलं मिळालं की थांबायचं" या रीतीचं वर्णन हर्बर्ट सायमन यांनी १९५६ मध्ये केलं. बॅरी श्वार्ट्झ आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की सर्वोत्तमच हवं असणाऱ्यांना नंतर हळहळ जास्त वाटते. पण त्यांच्याच २००६ च्या एका अभ्यासात अशा विद्यार्थ्यांनी सुमारे वीस टक्के जास्त पगाराची नोकरी मिळवली होती. समाधान तेवढं कमी होतं. तेव्हा सौ.ना हसू नका, फ्रिज बहुधा त्याच बरा निवडतील.

फक्त तुलनेला कुंपण घाला. चौघांच्या घराला २५० ते ३५० लिटर, ठरलेली कमाल किंमत, ऊर्जा बचतीचे किमान तारे आणि जवळची सर्व्हिस. या चाळणीतून उरलेल्या तिघांपैकी एक, येत्या रविवारी. तुलनेच्या नादात लोक एक गोष्ट हमखास विसरतात, ती तुम्ही करा: टेप घेऊन मुख्य दाराची, लिफ्टची आणि स्वयंपाकघरातल्या कोनाड्याची रुंदी मोजा, आणि मागे-बाजूला हवेसाठी जागा सोडा. फ्रिज घरात आल्यावर दोघांनीही महिनाभर किमती बघायच्या नाहीत.

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला. फिजिक्सचं जर्नल तपासून घ्यायचं असतं त्याच्या आदल्या रात्रीशिवाय पेन हातात धरत नाही. क्रिकेटला मात्र पहाटे पाचला उठतो. ओरडून घसा बसला. आळशी आहे का? (कळवा)

उत्तर : पहाटे पाचला उठणाऱ्याला आळशी म्हणवत नाही. पिअर्स स्टील यांनी २००७ मध्ये चालढकलीवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासले. चालढकलीचा संबंध ज्या गोष्टींशी ठळकपणे दिसला त्यांत या तीन आहेत: काम किती नावडतं, त्याचं फळ किती लांब आहे आणि माणूस किती उतावळा आहे. जर्नलमध्ये पहिल्या दोन भरपूर आहेत.

त्यात अंदाजाची चूक मिसळते. कॅनडातल्या विद्यार्थ्यांच्या प्रबंधांवरचा १९९४ चा अभ्यास प्रसिद्ध आहे. सरासरी अंदाज ३४ दिवसांचा होता. सगळंच बिघडलं तर किती, असं विचारल्यावर ४९ म्हणाले. लागले ५५. तेव्हा मुलाला "किती वेळ लागेल?" विचारू नका, एक प्रयोग घड्याळ लावून लिहायला सांगा. उद्देश, उपकरणं आणि कृतीला वीस मिनिटं, आकृतीला दहा, निरीक्षणांच्या तक्त्याला आणि आकडेमोडीला पंधरा, आलेखाला पंधरा. म्हणजे तासभर. असे दहा प्रयोग राहिले तर दहा तास. हा हिशेब त्याने स्वतः मांडला की एका रात्रीत हे बसत नाही हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

मग प्रयोगांच्या क्रमाने न जाता कामाच्या प्रकाराने जावं. एका बैठकीत फक्त आकृत्या, कारण पेन्सिल, पट्टी, खोडरबर एकदाच बाहेर निघतात. दुसऱ्या बैठकीत फक्त आलेख. आलेखात वेळ वाया जातो तो प्रमाण न ठरवता बिंदू मांडायला घेतल्याने. निम्मे बिंदू कागदाच्या कोपऱ्यात गोळा होतात आणि कागद फाडावा लागतो. आधी दोन्ही अक्षांची सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत लिहायची, फरकाला उपलब्ध सेंटिमीटरांनी भागायचं आणि वरच्या सोयीच्या आकड्याला न्यायचं.

सुरुवातीसाठी पीटर गॉलवित्झर यांची "अमुक झालं की तमुक करेन" ही रीत वापरा. "रोज संध्याकाळी जर्नल लिहीन" हे ठरवणं फसतं, कारण संध्याकाळ नेमकी कधी सुरू होते? "क्लासवरून आलो, हातपाय धुतले, की एक आकृती" हे टिकतं. जर्नल त्या पानावर उघडून, टोक केलेली पेन्सिल त्यावर ठेवूनच त्याने क्लासला जायचं. "झालं का?" ऐवजी "दाखव" म्हणा, तेही दोन दिवसांतून एकदा.

प्रश्न : सोसायटीच्या टाक्या साफ करायच्या होत्या. कमिटीत एक सदस्य सगळं लगेच सुरू करतात, एक प्रत्येक कागद तीनदा वाचतात, एकांना फक्त लोकांशी बोलायला आवडतं. शेवटी नोटीस उशिरा लागली, टाकी भरलेलीच राहिली, कामगार परत गेले. पुढच्या वेळी काय करावं? (खारघर)

उत्तर : कामगार परत गेले ते व्हॉल्व्हमुळे. टाकी रिकामी व्हायला पाणी वापरून संपावं लागतं, म्हणजे येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह आदल्या संध्याकाळी बंद व्हायला हवा. हे बारकं, कंटाळवाणं काम झटपट सुरू करणाऱ्यांना दिसत नाही, चिकित्सकाला वाटतं ते वॉचमनचं आहे, आणि गप्पिष्टांपर्यंत ते पोहोचतच नाही.

झटपटवाल्यांना तीन कोटेशन आणून तारीख पक्की करू द्या, आणि तिथेच त्यांची जबाबदारी संपवा. बोलक्या सदस्याकडे रहिवासी द्या: तीन दिवस आधी प्रत्येक विंगमध्ये नोटीस, आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज, वयस्कर आणि तान्ही बाळं असलेल्या घरी जाऊन "दोन बादल्या भरून ठेवा" असं सांगणं. तीनदा वाचणाऱ्यांना कामाच्या दिवशी टाकीपाशी उभं करा, हातात यादी देऊन. आधी जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची, नाहीतर खालचा गाळ धुतलेल्या टाकीत चढतो. तळाशी वीतभर पाणी ठेवून भिंती घासणं, गाळ उपसून बाहेर काढणं, प्रेशरने धुणं, निर्जंतुक करणं, ते पाणी सोडून देणं, झाकण घट्ट बसवणं. बंद टाकीत उतरण्यापूर्वी झाकण बराच वेळ उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, आणि आत एक माणूस असताना वर दुसरा हवाच. ही अट कोटेशनमध्येच लिहून घ्या.

व्हॉल्व्ह कोणाचा, हा प्रश्न उरतो. त्यासाठी स्वभाव बघू नका. जो सदस्य संध्याकाळी त्या वेळेला हमखास घरी असतो त्याचं नाव नोटिशीवरच वेळेसकट छापा, आणि बंद केलेल्या व्हॉल्व्हचा फोटो रात्री नऊपर्यंत कमिटीच्या ग्रुपवर आला नाही तर सेक्रेटरींनी खाली उतरायचं.